खारातली हरळी

अब्बास आखातातून कायमचा परतला, त्यानंतर महिनाभराने त्याची पेटी आली. बोटीने मुंबईला, आणि तिथून टेम्पोने रोह्यावरून खाली, खाडीकाठच्या खारशेत गावात. चौघांनी मिळून ती अंगणात उतरवली, तेव्हा नुसत्या वजनावरून लोकांनी अंदाज बांधायला सुरुवात केली. कुणी म्हणे वॉशिंग मशीन असणार, कुणी म्हणे आत दोन-चार जाडजूड ब्लँकेटं आणि अत्तराच्या बाटल्या असणार. अब्बासची बायको सकीना, तिच्या दोन्ही नणंदा सकाळपासून येऊन बसल्या होत्या. शेजारची हौसा मासळीची पाटी तशीच ओट्यावर ठेवून कुडापाशी येऊन उभी राहिली.

अब्बासने पकडीने एकेक खिळा काढला. गोणपाट बाजूला केलं. आतून निघालं एक लोखंडी धूड. दोन चाकं, त्यांच्यामध्ये पिळदार पात्यांचा एक रूळ, आणि ढकलायला लाकडी दांडा.

"ह्ये काय रे, भाऊ?" मोठ्या नणंदेने विचारलं.

"गवत कापायचं मशीन," अब्बास म्हणाला. "जुनं हाय. भंगारात टाकणार व्हते. साहेबांनी मला दिलं."

मग धाकटी नणंद तोंडाला ओढणी लावून हसली आणि तिच्या मागोमाग सगळेच हसले. अब्बासही हसला. सकीना मात्र चहा टाकायच्या निमित्ताने आत गेली आणि चुलीपाशी बराच वेळ उभी राहिली.

तिला ठाऊक होतं तसं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तो गेला होता, मजूर म्हणून. मग तिकडे एका मोठ्या फुटबॉलच्या मैदानावर त्याला लावलं, आणि तिथेच त्याची उमर गेली. तिच्या बहिणींचे नवरे तेलाच्या कंपन्यांत होते, कुणी क्रेनवर, कुणी गोदीत. लग्नकार्यात बायका विचारायच्या, तुझा नवरा काय करतो गो? सकीना म्हणायची, कंपनीत हाय. दोन वर्षांतून एकदा तो दोन महिने यायचा. त्यात घराची कौलं, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. कामाबद्दल तो कधी बोलला नाही आणि तिनेही विचारलं नाही. विचारावं असं त्यात होतं तरी काय? गवत ते गवत.

आता तो घरी होता, आणि घरात कुठे बसावं हेच त्याला कळत नव्हतं. पहाटे फजरच्या नमाजाच्याही आधी उठायचा. अंगणात फेऱ्या मारायचा. मशीनची पाती काढून तेलात भिजवायचा, पुसायचा, परत बसवायचा. "कुणासाठी चाललंय ह्ये?" सकीना एकदा म्हणाली. त्याने पुढचं पातं उचललं.

खारशेतात शाळेच्या मागे एक मोठी मोकळी जागा आहे. खाडीचा बांध तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. कधीकाळी तिथे भात व्हायचं, पण एकदा बांधाला खांड पडून खारं पाणी आत शिरलं आणि ती जमीन कामातून गेली. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा खार फुटायचा, आणि माती अशी तडकायची की भेगेत हाताचा पंजा जावा. पोरं तिथेच खेळायची. गावच्या मंडळाचे क्रिकेटचे सामनेही तिथेच व्हायचे. मंडळाचा अध्यक्ष गोविंदा, हौसाचा दीर, दर हंगामात चुन्याच्या रेघा मारायचा आणि पहिल्या अर्ध्या तासात त्या धुळीत उडून जायच्या.

सकीना-अब्बासची मुलगी फरझाना नववीला होती आणि धावण्यात शाळेत पहिली. मार्च महिन्यात एका संध्याकाळी ती लंगडत घरी आली. दोन्ही गुडघे सोललेले, तळहातांत खडे रुतलेले. अब्बासने तिला पायरीवर बसवलं, कोमट पाण्याने जखमा धुतल्या आणि एकेक खडा हलक्या हाताने काढला.

"कुठं पडलीस?"

"मैदानात. सगळेच पडतात, अब्बा. त्यात काय?"

अब्बास उठला आणि तसाच मैदानाकडे गेला. अंधार पडायच्या सुमाराला परतला तो मुठीत मातीचं ढेकूळ घेऊन. ओट्यावर बसून त्याने ते फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि डोळे मिटून चव घेतली. सकीना बघतच राहिली.

"आमच्या तिकडच्या पाण्याहून कमी खारी हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गोविंदाला भेटला. तिथे जे बोलणं झालं ते गावभर पसरायला वेळ लागला नाही. गोविंदा म्हणाला होता, "अब्बासभाई, जिथं भात येत नाय तिथं लॉन कशी येल?" आणि अब्बास म्हणाला होता, "लॉन म्हंजे काय वेगळं असतंय? हरळीच ती. जरा लाडात वाढलेली."

हे ऐकून सगळ्यात जास्त हसली ती हौसा. कमरेवर हात ठेवून ती अंगणात आली. "सकीनाभाबी, आयकलंस का गो? आमचा जल्म गेला शेतातली हरळी उपटन्यात. माझ्या सासूनं मरताना पन सांगितलं, बांधावर हरळी ठेवू नको. आनी तुजा नवरा ती लावायला निघालाय!" मग हसू आवरून तिने सहज म्हटलं, "आनी लावायचीच असंल तर आमच्या पेनकडची लाव बाबा. माझ्या माहेरी मिठागराच्या बांधावर हाय. उधानाचं पानी डोक्यावरून जातंय, तरी मरत नाय मेली."

अब्बास बसल्या जागेवरून उठला. "कुठल्या बांधावर?"

अब्बास, सकीना आणि हौसा एसटीने पेणला गेली. तिथून हौसाच्या माहेरच्या गावापर्यंत रिक्षा, आणि पुढे पायी. बंद पडलेली मिठागरं उन्हात चमकत होती. त्यांच्यामधल्या बांधांवर, कांदळाच्या झाडीच्या अलीकडे, खरोखरच हिरवी पट्टी होती. अब्बास गुडघ्यांवर बसला. मग ओणवा झाला, आणि तसाच रांगत रांगत बांधावरून पुढे सरकू लागला.

हौसाची वहिनी तांब्या घेऊन आली होती, ती तोंडात बोट घालून बघत राहिली. सकीनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोड्या वेळाने तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. तो गवतातून बोटं अशी फिरवत होता, जशी आई पोरीचे केस विंचरताना भांग पाडते. हरळीचा एक सरपटता ताणा उचलायचा, पेरं बघायची, सोडून द्यायचा. दुसरा उचलायचा. एके ठिकाणी तो थांबला, मागे वळून त्याने हाक मारली, "सकीना, इकडं ये. ह्ये बघ."

ती ओढणी सावरत जवळ बसली. त्याने तिच्या तळहातावर दोन ताणे ठेवले. एकाची पेरं लांब लांब, पानं रुंद. दुसऱ्याची पेरं इतकी जवळ की जणू मण्यांची माळ, आणि पानं सुईसारखी.

"दोन्ही हरळीच. पण ही जमिनीला धरून चालते. हिच्यावर माणूस पडला तर त्याला झेलील."

तिला फरक दिसला. एवढा उघड फरक, की आयुष्यभर हरळी तुडवून तो आपल्याला कधी दिसला कसा नाही, याचंच तिला नवल वाटलं. त्या दिवशी त्यांनी तीन पोती भरून ताणे आणले. परतीच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, "गुरांचा चारा?" अब्बास म्हणाला, "व्हय, तसंच समजा."

तो उन्हाळा त्या पोत्यांचाच झाला. घरामागच्या वाडीत, विहिरीच्या गोड्या पाण्यावर, अब्बासने ताणे लावून वाढवले. मैदान नांगरलं गेलं. नदीची वाळू वरच्या अंगाने आणावी लागली, कारण खाडीची वाळू खारी. अर्ध्या गावाला आधी तो वेडा वाटत होता, पण रोज पहाटे एकटा माणूस जमीन सपाट करायला फळी ओढताना दिसतो म्हटल्यावर कुणाला घरी बसवत नाही. आधी गोविंदाची पोरं आली, मग मोहल्ल्यातली. अब्बासने सगळ्यांना एकच गोष्ट शिकवली. मैदान दिसायला सपाट हवं, पण पाण्याला मात्र उतार कळला पाहिजे. "पाणी थांबता नये आणि पळता पण नये. पाव्हण्यासारखं यावं, बसावं, निघून जावं."

पावसाने जोर धरल्यावर लावणी झाली. ताण्यांचे बोटभर तुकडे केले, चिखलावर विस्कटले, आणि बायकांनी ओळीने पायांनी दाबत नेले. भातलावणीच्या बायका त्या, पाय सरावलेले. हौसा पुढे होती. "पोरींनो, कुनाला सांगू नका हां," ती ओरडली, "आमच्या सासूचा जीव वर तलमलंल!" सकीनाही ओढणी कमरेला खोचून त्यांच्यात उतरली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती चिखलात उभी होती.

महिन्याभरात मैदानाने रंग धरला. आधी ठिपके, मग ठिपक्यांना फुटलेले हात, मग हातात हात. बांधावरून जाणारे लोक थांबून बघायचे. शाळेची पोरं नव्या कुंपणाबाहेरून बोटं लावून बघायची. सकीना भाजीला निघाली की वाट वाकडी करून मैदानावरून जायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "अशीच आले."

श्रावणात अमावास्येचं उधाण आलं. वरून पाऊस, खालून समुद्र. कुंडलिका नदीच्या पाण्याला जायला जागा नव्हती. दुपारी बांधावर आरडाओरडा झाला. खांड पडली होती. खाडीचं पाणी फुगत आत येत होतं. हिंदू-मुसलमान जो असेल तो दगड, गोणी, झाप घेऊन धावला. अब्बास सगळ्यांत पुढे, छातीभर पाण्यात. खांड बुजत आली तेव्हा वरचा दगड निसटला आणि त्याच्या पायावर आला.

रोह्याच्या दवाखान्यात त्याच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत पाय टेकायचा नाही. चार दिवसांनी त्याला घरी आणलं, तेव्हा मैदानावरचं खारं पाणी ओहोटीच्या वेळी बांधातल्या उघाडीच्या दारातून निघून गेलं होतं आणि खाली जे उरलं होतं ते पिवळं, मग तपकिरी. गोविंदा भेटायला आला. टोपी हातात घेऊन खाटेपाशी बसला.

"गेलं, अब्बासभाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुमची काय चूक नाय. खारापुढं कुनाचं चालतंय?"

गोविंदा गेल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं. दुपारचं जेवणही तसंच राहिलं. सकीनाने त्याला बाप गेला तेव्हा पाहिलं होतं, नोकरी सुटून परतला तेव्हा पाहिलं होतं. असं पाठ फिरवलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन ती एकटीच मैदानावर गेली. पायाखाली सगळं करकरत होतं. ती ओणवी झाली, आणि पेणच्या बांधावर तो जशी बोटं फिरवत होता तशी फिरवून बघितली. पानं हाताला भुगा होऊन येत होती. पण ताणा ओढला तर तुटेना. तिने जोर लावून एक उपटला, दुसरा उपटला, मैदानाच्या चारही अंगांनी असे ताणे काढले, आणि ओढणीच्या टोकात बांधून घरी आणले.

"ह्ये बघा," म्हणून तिने ते त्याच्या छातीवर टाकले.

अब्बासने एक उचलला. पेरावर नख मारलं. आत पांढरं, ओलसर. दुसऱ्यावर मारलं. मग त्याने तो ताणा दातांखाली धरला आणि चावला.

"मेलेलं नाय," तो म्हणाला. "सकीना, ह्यानं दम धरलाय. पान सोडलंय, पेर धरून ठेवलंय." तो कोपरांवर उठायचा प्रयत्न करू लागला. "आता पावसाचं पाणी मातीतून आरपार गेलं पाहिजे. चर काढायला हवेत. खार खाली जाऊन बाहेर पडला पाहिजे. गोविंदाला बोलव..."

"गोविंदाला मागनं बोलवू," सकीना म्हणाली. "मला सांगा. मी करते."

"तू?"

"मग काय तुमच्या त्या मशीनला सांगणार?"

कितीतरी दिवसांनी अब्बास हसला.

पुढचे दीड-दोन महिने खारशेताने एक नवल पाहिलं. पावसात छत्री खांद्याला अडकवून सकीना आणि हौसा मैदानात चर काढत होत्या. चर म्हणजे काय, हे हौसाला सांगावं लागत नव्हतं. मिठागरात तिचं लहानपण गेलं होतं, फक्त तिथे खारं पाणी आत घ्यायचं असे आणि इथे बाहेर घालवायचं होतं. सकीना रोज चार कोपऱ्यांची माती कागदाच्या पुड्यांत बांधून घरी न्यायची. अब्बास खाटेवर बसून चव घ्यायचा. काही दिवसांनी सकीना स्वतःच आधी चव घेऊ लागली.

"शाळेकडची उतरलीय," ती म्हणायची.

"बघू. नाय, अजून थोडी हाय."

"तुमच्या तोंडात औषधाची चव हाय. माझी जीभ खरं बोलते."

आणि बऱ्याचदा तिचीच जीभ खरी ठरायची.

एका सकाळी हौसा कुंपणापासून ओरडत आली. "भाबी! कोंब! कोंब फुटला गो!" दोघी बसून बघत राहिल्या. तपकिरी जाळीतून, पेरापेरातून, टाचणीच्या टोकाएवढं हिरवं वर येत होतं. आणि आणखी एक गंमत. लव्हाळा, घाणेरी, काय काय तण लावणीपासून हैराण करत होतं, ते खाऱ्या पाण्याने मुळासकट गेलं होतं. अब्बासला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तिकडं आम्ही मुद्दाम खारं पाणी मारायचो कधी कधी. खाडीनं फुकटात खुरपणी करून दिली."

सकीनाला वाटलं आता भरपूर खत टाकावं. त्याने अडवलं. "उपाशी माणसाला पहिल्या दिवशी बिर्याणी वाढतात काय? पेज दे. शेणखत चाळून, वाळूत मिसळून, नुसती पावडर लावल्यासारखी." तिने चाळणीने चाळून पावडर लावली. जे जे तो सांगे ते ते करताना तिला एकच गोष्ट कळत गेली, की हा माणूस एकेक गोष्ट कधी घाई न करता, गवताच्या चालीने करत आला होता. आपण ज्याला मुखदुर्बळ समजत होतो, तो वाट बघण्यात तरबेज होता.

गवत घोट्याला लागू लागलं तेव्हा मशीन बाहेर निघालं. अब्बासने खाटेवरूनच पात्यांना धार लावायला शिकवलं. कागद आत धरून रूळ फिरवायचा. कात्रीने कापावा तसा कागद कापला गेला तर धार बरोबर. "बोथट पातं गवत कापत नाय, ओरबाडतं. मग शेंडे पांढरे पडतात. आणि सगळं एकदम कापायचं नाय. शेंड्याचं तेवढंच. बाकीचं त्याला जगायला ठेव."

फजरची नमाज झाल्यावर सकीना मशीन ढकलत मैदानावर गेली. धुकं होतं. खाडीवरून बगळे चालले होते. तिने दांडा धरला आणि पाऊल टाकलं. पात्यांनी एक आवाज काढला, रेशीम फाडल्यासारखा, आणि ओल्या गवताचे कण तिच्या पावलांवर उडाले. आधी रेघ वाकडी गेली. मग तिने समोरच्या आंब्यावर नजर ठेवली, तशी सरळ गेली. टोकाला वळून परत आली. पुन्हा वळली. अर्ध्या तासाने घाम पुसायला थांबून मागे बघितलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

मैदानावर पट्टे उमटले होते. एक गडद, एक फिका, एक गडद, एक फिका. जाताना गवताचं पातं एका बाजूला झुकलं होतं, येताना दुसऱ्या. बाकी काही नव्हतं. पण त्या धुक्यात, शाळेच्या पडक्या भिंतीपासून बांधापर्यंत, कुणी नवी कोरी लुंगी अंथरावी तसं ते दिसत होतं.

तिला वाटलं, ह्या माणसाची सकाळ अशी व्हायची. आपण इथे चूल पेटवत असू तेव्हा तो तिकडे, परक्या मुलुखात, असाच वाकून, असाच एकटा, रोज हे करायचा. आणि करून झाल्यावर असंच मागे वळून बघत असेल. शेजारी कुणी नसेल, ज्याला म्हणावं, बघ कसं झालंय. ओढणीने तिने डोळे पुसले आणि उरलेलं मैदान कापून काढलं.

घरी गेल्यावर तिने त्याच्यासमोर चहा ठेवला. "पट्टे आले," ती म्हणाली.

अब्बासने कप उचललाच नाही. "सरळ आले?"

"पहिला वाकडा. बाकीचे सरळ."

"माझा पहिला महिनाभर वाकडा यायचा," तो म्हणाला.

दिवाळी झाली. अब्बास काठी घेऊन चालू लागला. गोविंदाला घाई झाली होती. आजूबाजूच्या गावांतून सामन्यासाठी विचारणा येत होती. तो अब्बासकडे आला तेव्हा अब्बास भिडेखातर हो म्हणायच्या बेतात होता. आतून सकीना बाहेर आली.

"अजून नाय, गोविंदाभाऊ. वरून हिरवं दिसतंय, पण बूट फिरले तर चादरीसारखं निघून येल. मुळं खाली जाऊ द्या."

"भाबी, पोरं ऐकत नायत."

"पोरांना माझ्याकडं पाठवा."

गोविंदाने अब्बासकडे बघितलं. अब्बास छताकडे बघत म्हणाला, "मी काय बोलणार? मुख्य माळी ती हाय."

संक्रांतीनंतर सकीनाने एकदा गुडघे टेकून गवताची झुलूप मुठीत धरली आणि ओढली. निघेना. तेव्हा तिने गोविंदाला निरोप धाडला.

सामन्याच्या दिवशी नागोठण्यापासून रोह्यापर्यंतच्या गावांतून संघ आले. पण लोकांच्या आठवणीत राहिलं ते सामन्याआधीचं. म्हातारी माणसं कुंपणापाशी आली आणि कुणी न सांगता त्यांनी चपला काढल्या. अनवाणी आत गेली. कुणी दबकत, कुणी पाय घासत. एक आजोबा तर खाली बसले, मग चक्क आडवे झाले, आणि म्हणाले, "आरं, ह्या जागंवर मी भात लावलाय!" फरझाना आणि तिच्या मैत्रिणी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावल्या, मुद्दाम पडल्या, लोळल्या, परत धावल्या. हौसाने पायाने गवत दाबून बघितलं आणि गंभीरपणे निर्वाळा दिला, "सासू असती तर शिव्या दिल्या असत्या. पन झोपली असती हितंच."

सामना सुरू झाला. सगळ्यांचे डोळे चेंडूवर होते, एकटा अब्बास पावलं बघत होता. कुणी वळताना टाच रोवली की त्याची काठीवरची मूठ आवळायची. सकीनाने ते पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपणही चेंडू बघत नाही आहोत.

बक्षिसं वाटून झाली. गोविंदाने माइकवरून अब्बासचं नाव घेतलं, आणि लगेच सकीनाचं आणि हौसाचं. टाळ्या वाजल्या. सकीना ओढणी पुढे ओढून बसून राहिली, पण हौसाने तिला दंडाला धरून उभं केलं. मग गाड्या सुटल्या, गर्दी पांगली, ऊन उतरलं.

अब्बास बादली घेऊन आत गेला. बादलीत वाळू आणि चाळलेलं खत होतं. काठी बाजूला ठेवून तो खेळपट्टीजवळ बसला आणि टाचांनी पडलेले खड्डे बुजवू लागला. उखडलेला गवताचा तुकडा परत जागेवर ठेवायचा, कडेने माती भरायची, तळव्याने थापटायचं. सकीनाही दुसऱ्या बाजूने बसली.

"तिकडं," तिने विचारलं, "सामना झाल्यावर ह्ये कोण करायचं?"

"आम्हीच. आठ-दहाजण. सगळे दिवे चालू असायचे आणि खुर्च्या सगळ्या रिकाम्या."

"एवढ्या मोठ्या जागेत?"

"व्हय. आवाज नसायचा. आधी इतका आरडाओरडा, आणि मग नुसती आमची थापटी." तो थापटत राहिला. "एकदा तर मोठा सामना होता, देशादेशांचा. आदल्या दिवशी वावटळ आली, सगळं मैदान वाळूनं भरून गेलं. आम्ही झाडूनं वाळू काढली, सकीना. पान न पान. एकजण केरळचा होता, तो तर हातरुमालानं पुसत होता. दुसऱ्या दिवशी एक खेळाडू आत आला, मोठं नाव होतं त्याचं, आणि खाली वाकला. आम्ही खेळाडू येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभे. मला वाटलं बुटाची नाडी बांधतोय. तर त्यानं हात गवतावर ठेवला. असा. आणि मग ओठांना लावला."

"मग?"

"मग काय? खेळला."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाय?"

"कुणाला सांगणार? फोनवर बोलायला मिनिटं किती असायची. त्यात तुझी तब्येत, फरझानाची शाळा, अम्माची औषधं." त्याने बादलीतून आणखी मूठभर वाळू घेतली. "आणि मला वाटायचं, गवताची गोष्ट ऐकून करणार काय तुम्ही."

सकीनाने हातातला तुकडा जागेवर बसवला, कडा जुळवल्या आणि तळवा तसाच दाबून धरला.

"सांगा की," ती म्हणाली. "त्या केरळवाल्याचं काय झालं पुढं?"

अब्बास सांगू लागला. त्या केरळवाल्याचं, मग एका पाकिस्तानी मुकादमाचं, ज्याला झोपेतही पाणी सोडल्याचा आवाज ऐकू यायचा; मग थंडीत सगळं मैदान पिवळं पडलं तेव्हा साहेब कसा घाबरला होता, आणि ह्याने त्याला पेर नखाने खरवडून कसं दाखवलं होतं, त्याचं. इतकं बोलताना सकीनाने त्याला लग्नातही ऐकलं नव्हतं. ती मध्ये मध्ये विचारत होती, तो सांगत होता, आणि दोघं एका खड्ड्यावरून दुसऱ्यावर सरकत होती.

कुंपणापाशी हौसाने हाक दिली. "भाबी! घरी जायचं नाय काय गो? मासलीला मांजर लागंल!"

"तू हो पुढं," सकीना म्हणाली. "आमचा शाळेकडचा कोपरा राहिलाय."